'१२ डबे' आणि लाल अक्षरं: कीबोर्डवरून येणारं उत्तर पायथनमध्ये कसं घ्यावं

शनिवारी दुपारी नौपाड्यात माझ्या घरी सहा-सात मुलं पायथन शिकायला येतात. त्यातली एक मुलगी कळव्याहून येते. तिची आई पोळीभाजीचे डबे देते आणि रोजचा हिशेब वहीत ठेवते. चार आठवडे शिकून झाल्यावर मुलीने आईसाठी स्वतःहून एक छोटा प्रोग्राम लिहिला: आज किती डबे गेले, दर काय, एकूण किती झाले. माझ्यासमोर तो दहा वेळा नीट चालला. मग एका शनिवारी आई तिला न्यायला आली आणि मुलीने मोठ्या कौतुकाने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. आईने प्रश्न वाचला, चष्मा सारखा केला आणि टाइप केलं: १२ डबे. एंटर. खिडकीभर लाल अक्षरं.

"अगं आई, नुसता आकडा टाकायचा ना!"

"मग तसं लिहायचं ना तिथं. तू विचारलंस किती डबे, मी सांगितलं बारा डबे."

आईचं अगदी बरोबर होतं. माझ्यासमोर प्रोग्राम दहा वेळा चालला, कारण दहाही वेळा तो लिहिणारीनेच चालवला होता. काय टाकायचं ते तिला आधीच ठाऊक होतं. कीबोर्डसमोर दुसरं माणूस बसलं की ते त्याच्या बोलण्याच्या रीतीने उत्तर देतं. ते उत्तर ऐकून घ्यायचं, कळलं नाही तर नीट सांगायचं आणि पुन्हा विचारायचं, ही सगळी जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची. ती कशी पार पाडायची हे त्याच डब्यांच्या प्रोग्रामवरून पायरीपायरीने सांगतो.

सुरू करण्यापूर्वी

आमच्या वर्गात कोड आधी तोंडाने म्हणायचा, वहीत देवनागरीत लिहायचा आणि मग टाइप करायचा, अशी पद्धत आहे. इथेही मी तसाच लिहिलाय. इनपुट, प्रिंट, इंट, इफ, व्हाइल, ट्राय, एक्सेप्ट हे पायथनचे स्वतःचे शब्द आहेत, ते टाइप करताना इंग्रजी लिपीतच टाका. मात्र डबे, दर, उत्तर ही आपण ठेवलेली नावं पायथन ३ मध्ये देवनागरीत ठेवली तरी चालतात. कोडमध्ये लिहिलेले आकडे इंग्रजीच हवेत. प्रोग्राम चालू असताना माणसाने टाइप केलेल्या आकड्यांची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

तुमच्याकडे पायथन ३ आहे ना, तेवढं बघून घ्या. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. त्यात इनपुट ही आज्ञा टाइप केलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवायची, त्यामुळे तिथलं जुनं उदाहरण उतरवून घेतलंत तर इथलं काहीच जुळणार नाही. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसू शकतात. नवशिक्यांनी पायथनबरोबरच येणारं आयडल हे कोड लिहिण्या-चालवण्याचं साधन वापरावं, डोक्याला ताप कमी.

पहिली पायरी: इनपुट नेहमी मजकूरच देतं

मुलीचा अगदी पहिला प्रयत्न असा होता:

डबे = इनपुट("आज किती डबे गेले? ")
दर = इनपुट("एका डब्याचा दर? ")
प्रिंट(डबे * दर)

१२ आणि ७० टाकल्यावर टाइपएरर आली. कारण इनपुट जे परत देतं ती अक्षरांची माळ असते. तुम्हाला पडद्यावर बारा दिसतात, पायथनच्या हातात मात्र 'एक' आणि 'दोन' अशी दोन चिन्हं असतात. मजकुराला मजकुराने गुणता येत नाही, म्हणून त्याने तक्रार केली. तक्रार झाली हे चांगलंच झालं.

खरा घात त्याच्या पुढच्या प्रयत्नात झाला. तिने डबे आकड्यात बदलले आणि दर तसाच ठेवला. आता चूक आली नाही. पडद्यावर उमटलं: ७०७०७०७०७०७०७०७०७०७०७०७०. मजकुराला आकड्याने गुणलं की पायथन तो मजकूर तितक्या वेळा ओळीने लिहितो, आणि त्याच्या दृष्टीने हे काम चोख झालेलं असतं. असाच फसवा प्रकार तुलनेत होतो. मजकूर म्हणून पाहिलं तर ९ हा १० पेक्षा मोठा, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून होते आणि ९ हे चिन्ह १ च्या नंतर येतं. पन्नास मुलांचे मार्क असे मजकूर म्हणूनच क्रमाने लावले तर १०० मार्क मिळवलेलं मूल ९९ च्या खूप मागे जातं, आणि कुठेही लाल अक्षर दिसत नाही.

म्हणून सवय एकच लावून घ्या. इनपुटमधून आलेली गोष्ट आकडा म्हणून वापरायची असेल तर ती आली त्याच ठिकाणी आकड्यात बदला. चार ओळी पुढे जाऊन बदलू म्हणालात की विसरणं आलंच.

दुसरी पायरी: इंटला काय चालतं, काय चालत नाही

मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा इंट. तिचा स्वभाव पुस्तकात वाचण्यापेक्षा आयडलमध्ये बसून एकेक उत्तर टाकून बघण्यात जास्त कळतो. आम्ही वर्गात हे अर्धा तास केलं आणि मुलं उठायला तयार नव्हती.

आकड्याच्या मागेपुढे रिकामी जागा असली तर इंट ती स्वतःच काढून टाकतं. उणे पाच चालतात. रिकामं उत्तर, म्हणजे नुसतं एंटर, चालत नाही. ३.५ चालत नाही. १,२०० चालत नाही, कारण मध्ये स्वल्पविराम आहे. गंमत म्हणजे स्वल्पविरामाच्या जागी अंडरस्कोर टाकला तर चालतं, पायथन ३.६ पासून मोठे आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून ती सोय झाली. '१२ डबे' अर्थातच चालत नाही.

आणि आपल्या कामाची गोष्ट: मराठी कीबोर्डवरून टाइप केलेले देवनागरी १२ पायथनचं इंट बिनतक्रार घेतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या चिन्हांच्या यादीत, ज्या चिन्हांची दशमान अंक म्हणून नोंद आहे ती सगळी त्याला ओळखता येतात. आईने मराठी अंक टाकले तेव्हा मुलगी घाबरली होती, पण अडलं होतं ते 'डबे' या शब्दावर, अंकांवर नव्हे. जावास्क्रिप्टला हेच देवनागरी १२ दिलेत तर ती 'हा आकडा नाही' म्हणते, आणि सी भाषेत आकडा वाचणारं स्कॅनएफही ते घेत नाही. मराठी माणसांसाठी फॉर्म करणाऱ्यांनी हे आधीच तपासून ठेवावं.

इथे बरेच जण एक आडवाट घेतात. उत्तरात सगळे अंकच आहेत ना हे इझडिजिट या आज्ञेने आधी विचारायचं आणि मग इंट करायचं. ही वाट दोन ठिकाणी फसते. उणे पाचाला इझडिजिट 'नाही' म्हणतं, कारण उण्याचं चिन्ह अंक नाही. आणि संख्येचा वर्ग दाखवायला वापरतात तो वर चढवलेला छोटा दोन, त्याला 'हो' म्हणतं, पण इंट मात्र त्यावर कोसळतं. त्यापेक्षा थेट इंट करून बघावं आणि नाही जमलं तर सावरावं. ते सावरणं म्हणजेच ट्राय आणि एक्सेप्ट. पण त्याआधी लाल अक्षरं वाचायला शिकूया.

तिसरी पायरी: लाल अक्षरं शेवटच्या ओळीपासून वाचा

लाल मजकूर दिसला की मुलं खिडकी बंद करतात. मोठी माणसंही करतात. खरं तर त्या मजकुरात पायथन नेमकं काय झालं आणि कुठे झालं ते सांगत असतो. वाचायचा क्रम तेवढा उलटा आहे.

सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. त्यात कुठली चूक झाली तिचं नाव आणि कारण असतं. आईच्या वेळी तिथे होतं: व्हॅल्यूएरर, इनव्हॅलिड लिटरल फॉर इंट विथ बेस १०, आणि पुढे अवतरणात '१२ डबे'. सुरुवातीचे इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी अवतरणातला मजकूर बघा. पायथनच्या घशात नेमकं काय अडकलं ते तिथे जसंच्या तसं असतं. नुसतं एंटर दाबलं असेल तर तिथे रिकामं अवतरण दिसेल. मग त्याच्या वर सरका. तिथे ओळीचा क्रमांक आणि ती ओळ असते. मोठ्या प्रोग्राममध्ये अशा अनेक जोड्या दिसतात. त्यातली आपल्या फाइलचं नाव असलेली सगळ्यात खालची जोडी पकडा.

नवशिक्याला भेटणाऱ्या चुका मोजक्याच असतात. प्रकार बरोबर पण आतला मजकूर निरुपयोगी असेल तर व्हॅल्यूएरर. प्रकारच चुकला, जसं मजकूर आणि आकडा यांची बेरीज केली, तर टाइपएरर. नाव ठेवलंच नाही किंवा लिहिताना चुकलं तर नेमएरर. शून्याने भागलं तर झीरोडिव्हिजनएरर. यातल्या नेमएरर आणि टाइपएरर बहुधा आपल्याच कोडमधल्या चुका असतात, त्या दुरुस्त करायच्या. व्हॅल्यूएरर बाहेरून आलेल्या उत्तरामुळे येते, ती सांभाळायची. हा फरक पक्का डोक्यात बसला की पुढची पायरी निम्मी झाली.

चौथी पायरी: सांभाळायचं, सांगायचं, पुन्हा विचारायचं

मुलीने दोन शनिवार घालून बनवलेली आज्ञा अशी:

डेफ आकडा_विचार(प्रश्न, कमी, जास्त):
    व्हाइल ट्रू:
        उत्तर = इनपुट(प्रश्न).स्ट्रिप()
        ट्राय:
            आकडा = इंट(उत्तर)
        एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
            प्रिंट("नुसता आकडा टाका, उदा. 12. तुम्ही टाकलंत:", उत्तर)
            कंटिन्यू
        इफ कमी <= आकडा <= जास्त:
            रिटर्न आकडा
        प्रिंट("आकडा", कमी, "ते", जास्त, "यांच्यात हवा.")

सावकाश वाचा. डेफ म्हणजे आपली स्वतःची आज्ञा बनवणं. व्हाइल ट्रू म्हणजे नीट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. स्ट्रिप मागेपुढची रिकामी जागा काढतं, कंटिन्यू पुन्हा प्रश्नाकडे नेतं, रिटर्न नीट आलेला आकडा परत देतं. ट्रायच्या आत फक्त एकच ओळ आहे, आणि हे मुद्दाम केलंय. पहिल्या वेळी तिने सगळा प्रोग्रामच ट्रायमध्ये कोंबला होता. मग हिशेबाच्या ओळीत चूक झाली तरी प्रोग्राम आईलाच 'नुसता आकडा टाका' म्हणायला लागला. आईने पाच वेळा आकडाच टाकला होता! चूक आपली आणि बोलणी दुसऱ्याला, असं होऊ नये म्हणून ज्या ओळीत उत्तरामुळे चूक होऊ शकते तेवढीच ओळ ट्रायमध्ये ठेवायची.

दुसरं म्हणजे एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर हे नाव. नाव न लिहिता नुसतं एक्सेप्ट लिहिलं तरी चालतं आणि पुष्कळ जण तसंच लिहितात. एका मुलाने इनपुटची ओळही ट्रायमध्ये घेतली आणि खाली नुसतं एक्सेप्ट लिहिलं. प्रोग्राम थांबवायला त्याने कंट्रोल आणि सी दाबलं. कंट्रोल-सी दाबल्यावर पायथन कीबोर्डइंटरप्ट उभी करतो, ती त्या नुसत्या एक्सेप्टने गिळली आणि प्रश्न पुन्हा हजर. दहा वेळा दाबलं, दहा वेळा तोच प्रश्न. शेवटी खिडकीच बंद करावी लागली. हेच एखाद्या फाइलमधून उत्तरं पुरवताना झालं तर आणखी वाईट. उत्तरं संपली की इनपुट ईओएफएरर देतं, नुसतं एक्सेप्ट ती गिळतं आणि पडदाभर तोच संदेश न थांबता धावत सुटतो. नाव लिहा. जी चूक सांभाळायची आहे तिचंच नाव लिहा, बाकीच्या चुकांना बाहेर येऊ द्या.

आणि ज्याला सोडून जायचंय त्याला सन्मानाने जाऊ द्या. संपूर्ण प्रोग्रामभोवती एकदाच, सगळ्यात बाहेर, कीबोर्डइंटरप्ट आणि ईओएफएरर यांच्यासाठी वेगळा एक्सेप्ट ठेवून त्यात 'ठीक आहे, थांबवलं' एवढी एक ओळ छापली की आईला लाल अक्षरं दिसत नाहीत. फाइल संपल्याची खूण कीबोर्डवरून द्यायची तर लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-डी, विंडोजच्या खिडकीत कंट्रोल-झेड आणि एंटर.

संदेशाचे शब्द

'इनव्हॅलिड इनपुट' हे दोन शब्द मी वर्गात लिहू देत नाही. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, वर आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं. चांगल्या संदेशात काय हवंय ते येतं, एक उदाहरण येतं, आणि काय आलं ते दिसतं. शेवटची गोष्ट फार उपयोगी असते, कारण बरेचदा बोट घसरलेलं असतं आणि माणसाला ते ठाऊकच नसतं.

प्रश्नसुद्धा सुधारा. 'आज किती डबे गेले? नुसता आकडा टाका:' एवढ्याने बरीच चुकीची उत्तरं मुळातच येत नाहीत. चूक सांभाळायला दहा ओळी लिहिण्यापेक्षा प्रश्नात तीन शब्द वाढवणं स्वस्त पडतं.

मुलांनी मग विचारलं, "सर, '१२ डबे' मधून आपणच १२ काढून घेतले तर?" घेता येतात. पण उद्या कोणी '१०-१२' टाकलं किंवा '१२ नाही १४' टाकलं तर काय घ्याल? पैशाचा हिशेब असेल तिथे प्रोग्रामने अंदाज करू नये असं माझं ठाम मत आहे. मागेपुढे असलेली रिकामी जागा काढणं, मोठ्या रकमेतला स्वल्पविराम रिप्लेस वापरून काढणं, रुपयाचं चिन्ह काढणं, इतपत ठीक. त्यापुढे गेलात तर विचारा.

आकडा आला, पण शहाणा आहे का?

उणे बारा डबे हा पायथनच्या दृष्टीने अगदी नीट आकडा आहे. म्हणून आज्ञेत कमी आणि जास्त अशा दोन मर्यादा घेतल्या. या मर्यादा मनाने ठरवू नका, ज्याचं काम आहे त्याला विचारा. मुलीने आधी डब्यांसाठी १ ते १००० ठेवलं होतं. रविवारी आई डबे देत नाही, आणि वहीत रविवारपुढे शून्य लिहिते. प्रोग्राम तिला शून्य लिहू देईना. म्हणजे खालची मर्यादा ० हवी.

पण शून्य आत घेतलं की दुसरीकडे दार उघडतं. प्रोग्राममध्ये पुढे 'दर डब्यामागे भाजीचा खर्च' काढला होता, खर्च भागिले डबे. पहिल्याच रविवारी झीरोडिव्हिजनएरर. इथे ट्राय लावायची गरज नाही. भागण्याआधी डबे शून्य आहेत का ते इफने बघा आणि 'आज डबे नाहीत' असं छापा. शून्य ही इथे चूक नव्हती, तो रविवार होता.

असल्या शून्याने युद्धनौका अडल्याचं उदाहरण आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या यॉर्कटाउन या नौकेवर एका खलाशाने डेटाबेसच्या रकान्यात शून्य भरलं, त्याने भागाकार झाला, आणि चूक पसरत जाऊन नौकेचं चालन बंद पडलं. ती काही तास समुद्रात तशीच होती. रकान्यात शून्य भरता येणं आणि भागण्याआधी ते न तपासणं, या दोन छोट्या गोष्टी एकत्र आल्या होत्या.

रुपयांबरोबर पैसे असतील तर बरेच जण फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, वापरतात. त्याच्या दोन खोडी सांगून ठेवतो. एक, फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, म्हणून हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा किंवा दशांश अचूक ठेवणारं डेसिमल वापरा. दोन, उत्तर म्हणून कोणी 'नॅन' ही तीन इंग्रजी अक्षरं टाकली तर फ्लोट ती आनंदाने घेतं. तो 'आकडा नसलेला आकडा' असतो आणि त्याची कुठलीही लहानमोठी तुलना खोटी ठरते. 'कमीपेक्षा लहान असेल किंवा जास्तपेक्षा मोठा असेल तर नाकार' अशी अट लिहिलीत तर तो दोन्हीतून सटकतो. 'दोन्हींच्या मध्ये असेल तरच घे' अशी अट लिहिलीत तर अडकतो. वरच्या आज्ञेत अट अशी सरळ बाजूने लिहिली आहे, ती याचसाठी.

हो-नाही आणि मराठी शब्द

'आणखी एक नोंद करायची?' या प्रश्नावर मुलीने लिहिलं होतं: इफ उत्तर == "हो" ऑर "होय". हा प्रोग्राम कधीच थांबला नाही. ऑरच्या पलीकडचा "होय" हा एकटा पडलेला मजकूर आहे, आणि रिकामा नसलेला कुठलाही मजकूर पायथन खराच मानतो. लिहायचं ते असं: इफ उत्तर इन ("हो", "होय", "ह"). त्याआधी स्ट्रिप करा, म्हणजे शेवटी चुकून पडलेली रिकामी जागा जाईल. इंग्रजी अक्षरंही घेणार असाल तर लोअर करा, म्हणजे मोठी अक्षरं लहान होतील. आणि ज्या उत्तराचा अर्थ लागत नाही ते 'नाही' समजू नका, पुन्हा विचारा.

शब्दांची तुलना मराठीत आणखी एका जागी अडते, आणि ही गोष्ट शिकवण्याच्या पुस्तकांत क्वचितच असते. मुलीने आजचा मेनू विचारायला सुरुवात केली. आईने 'पुऱ्या' टाइप केलं, यादीतही 'पुऱ्या' होतं, आणि प्रोग्राम म्हणाला, यादीत नाही. दोन्ही शब्द पडद्यावर शेजारी ठेवले, तंतोतंत सारखे. मग लेन वापरून लांबी मोजली. एकाची ६ आली, दुसऱ्याची ७.

आपल्याला 'पुऱ्या' मध्ये दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये प, उकार, ऱ, हलंत, य, काना अशी सहा चिन्हं आहेत. त्यातला ऱ दोन प्रकारे साठवला जातो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे ठिपका, अशी दोन चिन्हं म्हणून. कीबोर्ड वेगळा, साठवण वेगळी. हा फरक पायथनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलमधली नॉर्मलाइझ ही आज्ञा एनएफसी हा पर्याय देऊन वापरली की मिटतो. मात्र तिसराही प्रकार आहे. र, हलंत आणि मग न दिसणारं जोडचिन्ह टाकून हेच रूप उमटवता येतं, आणि ते एनएफसीने बदलत नाही. ते जोडचिन्ह नुसतं काढून टाकाल तर पुऱ्याचा 'पुर्या' होईल.

म्हणून माझा सल्ला साधा आहे: शब्द टाइप करायला लावूच नका. '१ पोळी, २ पुऱ्या, ३ भाकरी, क्रमांक टाका' असं विचारा आणि आकडा_विचार हीच आज्ञा १ ते ३ मर्यादा देऊन वापरा. आईलाही एकच बटण दाबायचं, आणि आपलंही कोडं सुटलं.

डिप्लोमात सी शिकणाऱ्यांसाठी

ठाण्यात माझ्याकडे येणारी निम्मी मुलं डिप्लोमाची असतात आणि त्यांची ओळख सी पासून होते. त्यांची ठरलेली तक्रार: आकडा मागितला, अक्षर टाकलं, प्रोग्राम वेड्यासारखा फिरत राहिला. स्कॅनएफला आकडा मिळाला नाही की ते अक्षर उचलत नाही, तिथेच ठेवतं. पुढच्या फेरीत तेच अक्षर पुन्हा समोर. स्कॅनएफ किती गोष्टी नीट वाचल्या ते परत सांगतं, तो आकडा बघायची सवय लावा. त्यावर उपाय म्हणून वहीत बऱ्याचदा एफफ्लश एसटीडीइन लिहिलेलं आढळतं. सी च्या प्रमाणात त्याचं वर्तन ठरवूनच दिलेलं नाही. एका कंपायलरवर चाललं म्हणून दुसरीकडे चालेल असं नाही. पूर्ण ओळ एफगेट्सने वाचा आणि मग एसटीआरटीओएलने आकडा काढा. ओळ वाचणारी गेट्स ही जुनी आज्ञा तर विसराच. किती अक्षरं येतील याची मर्यादाच त्याला सांगता येत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने संगणकांत शिरायला जे मार्ग वापरले त्यातला एक याच खोटीचा होता. सी च्या २०११ च्या प्रमाणातून गेट्स काढून टाकलं आहे.

शेवटची पायरी: कीबोर्ड दुसऱ्याच्या हाती द्या

आधी स्वतः छळून बघा. नुसतं एंटर. चार रिकाम्या जागा. उणे पाच. ३.५. बारा, अक्षरात. १,२००. देवनागरी १२. ९ हा अंक शंभर वेळा ओळीने. कंट्रोल-सी. हे सगळं वहीच्या एका पानावर लिहून ठेवा आणि प्रोग्राममध्ये काहीही बदललं की पुन्हा त्या पानावरून फिरा. पाच मिनिटं लागतात.

मग ज्याच्यासाठी लिहिलाय त्याला बसवा आणि मागे उभे राहून गप्प राहा. हे गप्प राहणं अवघड आहे. 'तसं नाही, असं' म्हणायचा मोह झाला की समजा, तिथे प्रश्नाचे शब्द बदलायचे आहेत.

डब्यांच्या प्रोग्रामने महिनाभर नीट काम केलं. रोज रात्री आई त्यातले आकडे वहीत उतरवायची. महिनाअखेर पैशांची बेरीज जुळली, पण डब्यांची प्रत्यक्ष गेलेल्या डब्यांपेक्षा ५८ ने जास्त आली. मायलेकींनी पान न् पान बघितलं. एका मंगळवारी आईने घाईत पहिल्या प्रश्नाला दर टाकला होता आणि दुसऱ्याला डबे: ७० डबे, दर १२. एकूण ८४०, तेवढेच जे व्हायला हवे होते. दोन्ही आकडे नीट, दोन्ही मर्यादेत, कुठेही लाल अक्षर नाही. सत्तरातून बारा गेले अठ्ठावन्न.

तेव्हा मुलीने आईला विचारलं, "जास्तीत जास्त किती डबे होतात गं तुझ्याने?"

"एका शेगडीवर? चाळीस. त्याच्या वर नाहीत होत."

"आणि दर?"

"पन्नासच्या खाली परवडत नाही. दीडशे कोण देणार!"

आता डब्यांच्या मर्यादा ० ते ४०, दराच्या ५० ते १५०. हिशेब छापण्याआधी प्रोग्राम एक ओळ विचारतो: '12 डबे, दर 70 रुपये. बरोबर?' मागच्या आठवड्यात आईने पुन्हा आधी सत्तर टाकले. 'आकडा 0 ते 40 यांच्यात हवा' असं दिसल्यावर ती स्वतःशीच "अगंबाई, दर टाकला वाटतं" म्हणाली आणि बारा टाकून पुढे गेली. मुलगी आत अभ्यास करत होती, तिला हाकही मारावी लागली नाही.